झडतीची खोली

बेटाच्या धक्क्यावर, अगदी टोकाला, एक खोली होती. आठ बाय दहाची, बिनखिडकीची. दाराला खालून पत्रा ठोकलेला आणि उंबऱ्याशी फट इतकी बारीक की पोस्टकार्डही आत सरकू नये. फेरीबोटीतून उतरलेलं प्रत्येक सामान आधी या खोलीत जायचं. एक पिशवी आत, दार बंद, मगच पिशवीचं तोंड उघडायचं. आतलं सगळं टेबलावर काढायचं, पिशवी उलटी करून झटकायची, पुन्हा भरायची आणि दुसऱ्या दारानं बाहेर द्यायची. पिठाचं पोतं असो, बाळाचे लंगोट असोत की आजारी माणसाची वळकटी असो, कुणाचीच सुटका नव्हती.

खोलीत काम करणाऱ्या बाईला सगळं बेट ‘मांजर’ म्हणायचं. पहिल्या वर्षी कौतुकानं, नंतर दातओठ खाऊन.

कारण उंदीर. आजोबांच्या काळात एक मालवाहू होडकं खडकावर फुटलं आणि त्यातून ते बेटावर उतरले. पश्चिमेच्या उतारावर बिळं करून अंडी घालणारे समुद्रपक्षी होते. तान्ह्या पोरासारखं रडतात म्हणून त्यांना ‘रडवे’ म्हणत. उंदरांनी त्यांची अंडी खाल्ली, पिल्लं खाल्ली, आणि मग मोर्चा वळवला वल्हेघराकडे. वल्हेघर म्हणजे किनाऱ्यावरची जुनी दगडी इमारत. बेटावरच्या प्रत्येक घराण्याची कोरीव मुठींची वल्ही तिथे भिंतींवर टांगलेली होती. पिढ्यान्पिढ्यांच्या हातांचा घाम आणि तेल मुरलेल्या त्या मुठी उंदरांनी मक्याच्या कणसासारख्या कुरतडल्या.

मग बंदर बांधणाऱ्या एका कंपनीची बेटावर नजर गेली. पक्षी नाहीत, इमारत मोडकळीला आलेली, अडवणार कोण? गावकऱ्यांनी वनखात्याच्या हातापाया पडून करार मिळवला: उतार आणि वल्हेघर आम्ही सांभाळतो, बेट उंदीरमुक्त करतो आणि तसंच ठेवतो. जमलं तर बेट आमचं, नाही तर तुम्हाला हवं ते करा. तीन वर्षं माणसांनी गुडघ्यांवर रांगत सापळे लावले. शेवटचा उंदीर मेला आणि पुढच्याच हंगामात उतारावर अकरा जोड्या उतरल्या, त्याच्या पुढच्या हंगामात साठ. वल्हेघराच्या म्हाताऱ्या सुतारानं कुरतडलेल्या मुठी एकेक करून दुरुस्त केल्या.

झडतीचा नियम सगळ्यांनी हात वर करून केला होता. मांजरीचा धाकटा दीर, बेटावरचा एकुलता एक दुकानदार, त्यानं तर दोन्ही हात वर केले होते.

पण उंदीर दिसेनासे झाल्यावर नियम टोचायला लागतो. बोटीवरून उतरलेल्या माणसाला घर गाठायचं असतं आणि ही बाई त्याच्या चड्ड्या-बनियनी टेबलावर पसरून बॅटरी मारत बसते. तिची जीभही गोड नव्हती. कुणी घाई केली की म्हणायची, "थांबायचं नसेल तर पोहत जा, पण पिशवी इथेच राहील."

गादीचं प्रकरण झालं ते सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, धक्का माणसांनी फुललेला असताना. दिरानं लेकीच्या नव्या खोलीसाठी गादी मागवली होती. डबल बेडची, कापसाची, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. चार माणसांनी ती खोलीत आणून टाकली. मांजरीनं दार लावलं, गादीभोवती फिरली आणि एका कोपऱ्याशी थांबली. प्लास्टिक फाटलेलं होतं आणि आतल्या कापडाला अंगठा जाईल एवढं भोक होतं.

तिनं दार किलकिलं करून दिराला आत घेतलं. "भाऊजी, ही उसवावी लागेल."

"काय?"

"भोक आहे. आत काय आहे ते मला दिसत नाही."

"कापूस आहे, वहिनी. गादीत कापूस असतो. काल शिवून झालीय, आज बोटीत चढलीय. रस्त्यात उंदीर तिकीट काढून बसला असेल का?"

"काल शिवलेल्या गादीला भोक कसं?"

"खिळ्याला अडकलं असेल! पोरगी बाहेर उभी आहे. तिच्या डोळ्यांदेखत तिची गादी फाडणार तुम्ही?"

"तिला बाजूला जायला सांगा."

तिनं सुरी घेतली आणि कोपऱ्यापासून मधोमध एक लांब चीर दिली. कापूस फसफसून वर आला. ती दोन्ही हात कोपरापर्यंत घालून चाचपत राहिली. दिरानं संतापून बाहेरचं दार सताड उघडलं, तेव्हा वाऱ्यानं अर्धा कापूस धक्क्यावर उडवला. आत काही नव्हतं. एक साधा किडासुद्धा नव्हता.

बाहेर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "मांजरीनं गादी मारली रे!" पुतणी तोंड झाकून पळाली. धाकटी जाऊ कापसाचे पुंजके गोळा करता करता म्हणाली, "तुमच्या पोटी लेक नाही, म्हणून हात कचरला नाही तुमचा."

मांजरीला ते लागलं. पण ती एवढंच म्हणाली, "पुढची पिशवी आणा."

चार दिवसांनी शाळेत सभा भरली. बेटाच्या समितीच्या अध्यक्ष म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाई म्हणत. दीर उभा राहिला आणि त्यानं मांजरीला माफी मागायला सांगितलं.

"नियम तुमचाच होता," मांजर म्हणाली. "तुमचे दोन्ही हात वर होते. आज कुठला खाली घेताय तेवढं सांगा."

"बघा! हा माज!" दीर ओरडला. "चार पिशव्यांची किल्ली हातात आली की माणूस स्वतःला कलेक्टर समजतो."

तिनं माफी मागितली नाही. समितीनं मधला मार्ग काढला, म्हणजे कुणाचंच समाधान झालं नाही: यापुढे सामान फाडायचं नाही, वरवर बघायचं आणि खरोखर शंका आली तरच उघडायचं. "जरा माणसं बघून वागा," बाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. "उंदीर माणसं बघत नाही," असं ती म्हणाली, पण तोवर बाई वळून गेल्या होत्या.

त्यानंतर दुकानात तिचा नंबर शेवटी लागू लागला. ती आधी आलेली असो की नंतर. जाऊ साखर तोलायची, पुडा फळीवर आपटायची आणि दुसरीकडे बघायची. तिच्या घराच्या पायरीवर कुणीतरी मेलेला मासा ठेवून गेलं, मांजरीसाठी. सगळ्यात वाईट म्हणजे नवऱ्यानं अबोला धरला. तो फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचा. रोज त्याच लोकांबरोबर बोटीत असायचा आणि रोज टोमणे खायचा.

तीन आठवड्यांनी नवराच एक लाकडी खोका घेऊन उतरला. जुन्या इंजिनाचे सुटे भाग होते, पेंढ्यात बसवलेले, झाकणाला बारा खिळे. खोलीच्या दाराशी दहा-बारा जण उभे होते आणि बोटीवरचे दोन खलाशी कठड्याला टेकून मजा बघत होते.

तिनं पक्कड उचलली.

"आता माझीही चामडी सोलणार का?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "भावाला नागवलंस, तेवढं पुरे नाही झालं? घरात तरी माणसासारखी वाग."

खलाशी हसले. तिनं पक्कड खाली ठेवली. झाकणावर हात ठेवून ती क्षणभर उभी राहिली. खोका जड होता, बंद होता, वरून धडधाकट होता. आणि ती थकली होती. पाच वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, जाऊ दे. तिनं वहीत ‘तपासले’ असं लिहिलं, खाली सही केली आणि दुसरं दार उघडलं. नवऱ्यानं खोका ढकलगाडीवर घातला आणि पश्चिमेकडच्या आपल्या इंजिनाच्या शेडमध्ये नेऊन ठेवला. त्या संध्याकाळी तो तिच्याशी दोन शब्द बोलला. तिला बरं वाटलं, हे तिला पुढे अनेक दिवस आठवत राहिलं.

बेटावर दीडशे लाकडी पेट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत शेंगदाण्याच्या वासाची मेणाची वडी. उंदीर आला तर आधी मेणाला तोंड लावतो आणि दात उमटतात. दर आठवड्याला कुणीतरी फेरी मारून वड्या बघायचं आणि पाच वर्षं कंटाळून परत यायचं. खोका आल्यानंतर नवव्या दिवशी दुकानामागच्या पेटीतली वडी हातात घेऊन बाई धक्क्यावर आल्या. वडीच्या कडेला दोन-दोनच्या जोडीत बारीक खाचा होत्या.

गावाला विचार करायची गरज पडली नाही. दुकानामागे सापडलं म्हणजे दुकानातून आलं. ज्यांनी गादीवरून मांजरीची टर उडवली होती, तेच आता दिराच्या दारात उभे राहिले. "म्हणूनच उघडू देत नव्हता!" "पोत्यातून आणलं असणार." समितीनं दुकान बंद केलं. पोती अंगणात आणून रिकामी केली गेली. पीठ, डाळी, साखर सगळं एकत्र झालं, मग ते जाळलं. दुकानाच्या फळ्या उखडल्या. खाली काही नव्हतं, तरी कुणाची खात्री पटेना. सापळ्यांचं सगळं कडं दुकानाभोवती लागलं. दीर दिवसभर ओट्यावर बसून असायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "माझ्याकडून नाही आला. पोरीची शपथ." कुणी थांबायचं नाही.

मांजर त्याच्यासमोरून गेली तेव्हा तो उठून उभा राहिला. "झालं समाधान? नाचा आता!"

खरं सांगायचं तर थोडं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ग्रीस आणायला नवऱ्याच्या शेडमध्ये गेली. खोका भिंतीशी पडला होता, झाकण निघालेलं. ग्रीसचा डबा त्याच्या मागे होता. खोका सरकवला आणि तिला मागच्या फळीत खालच्या बाजूला भोक दिसलं. कडा ताज्या, पांढऱ्या. आत पेंढा गोल वळवून वाटीसारखा बसवला होता. त्यात गोणपाटाचे मऊ धागे पिंजून घातले होते. कडेला काळ्या लेंड्या.

ती खाली बसली. नर असं घरटं करत नाही. मादी होती आणि गाभण होती. पुढचं अंकगणित बेटावरच्या शाळकरी पोरालाही पाठ होतं: तीन आठवड्यांत आठ पिल्लं, दोन महिन्यांत त्यांना पिल्लं.

नवरा आला तेव्हा ती तशीच बसली होती. त्यानं खोक्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि शेडचं दार ओढून घेतलं.

"पेंढा मी जाळतो," तो म्हणाला. "तू काही बघितलं नाहीस."

"सापळे सगळे दुकानापाशी आहेत. ती इथे आहे. इथून उतार चारशे पावलांवर, आणि वल्हेघर तर हे शेजारी."

"मग हळूच सांग, इथेही दोन सापळे लावा म्हणून. कारण सांगायची काय गरज?"

"आणि भाऊजी?"

"त्यानं तुला चारचौघांत काय काय म्हटलं ते विसरलीस? भोगू दे चार दिवस." तो गुडघ्यावर बसला आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, खोका माझा आहे. सही तुझी आहे. दोघांनाही या बेटावर राहायचंय."

तिनं तो दिवस घालवला. दुसराही घालवला. त्या दोन दिवसांत दिराच्या गोदामाचं छप्परही उतरवलं गेलं आणि पुतणी मावशीकडे निघून गेली. मांजरीनं बोटीच्या दोन फेऱ्या तपासल्या. प्रत्येक पिशवी उघडली आणि कुणी चकार शब्द काढला नाही. उलट एक म्हातारी म्हणाली, "तुझंच खरं होतं गं बाई." तेवढं मात्र तिला सहन झालं नाही. हातातलं काम तसंच टाकून ती शाळेकडे निघाली.

शाळेत सभा चालूच होती, दिराला बेटावर दुकान चालवू द्यायचं की नाही यावर. बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. ती दारातूनच बोलली.

"उंदीर दुकानातून आलेला नाही. आमच्या घरच्या खोक्यातून आलाय. मी तो उघडला नाही आणि वहीत उघडला म्हणून लिहिलं. मादी आहे. शेडमध्ये घरटं सापडलंय. पाहिलं त्याला दोन दिवस झाले."

एकदम सगळे बोलायला लागले. नवरा मागच्या बाकावरून उठला आणि तिला धक्का देत बाहेर निघून गेला.

दीर मात्र हळू हळू पुढे आला. तिला वाटलं होतं, तो निदान सुटकेचा श्वास टाकेल.

"दोन दिवस," तो म्हणाला. "दोन दिवस तू गप्प होतीस." आयुष्यात त्यानं तिला कधी अगं-तुगं केलं नव्हतं. "माझी पोरगी घर सोडून गेली. माझं छप्पर काढलं या लोकांनी. तू समोरून गेलीस, आणि गप्प होतीस?"

"हो."

"माझी गादी फाडलीस. आणि नवऱ्याचा खोका सोडलास."

"हो."

"बोल ना पुढे! तुझी जीभ कुठे गेली? नियम कुणाचा होता ते सांग!"

बाईंनी टेबलावर डस्टर आपटला. "भांडण नंतर. किती दिवसांची गाभण असेल?"

"पिल्लं झाली असतील, नाही तर आज-उद्या होतील," मांजर म्हणाली.

तिला कामावरून काढायचा ठराव तिथेच झाला. सगळ्यांचे हात वर गेले, एकाचाही खाली राहिला नाही. त्यानंतर पाचव्या मिनिटाला सगळे पश्चिमेकडे चालायला लागले, सापळे डोक्यावर घेऊन.

वल्हेघराशी म्हातारा सुतार दार अडवून उभा राहिला. शेडच्या बाजूच्या भिंतीत तळाशी एक दगड निखळला होता आणि तिथून ताज्या लेंड्यांची ओळ आत गेली होती. आतली जमीन जुन्या होड्यांच्या फळ्यांची होती. या बेटावर आलेल्या पहिल्या नावेच्या फळ्याही त्यात होत्या असं सांगत.

"पहार लावाल तर आधी माझ्या डोक्यात घाला," तो म्हणाला. "पक्ष्यांसाठी हे मोडायचं? पक्षी काय, उडून दुसरीकडे जातील."

"काका, उंदीर पुन्हा कुरतडायला लागले की वल्हीही दुसरीकडे उडून जाणार आहेत का?" दीर खेकसला. "माझं छप्पर काढताना तुम्ही खाली उभे राहून शिडी धरली होतीत. आता बाजूला व्हा."

शेवटी सुतारानंच फळ्या काढल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खडूनं प्रत्येकीवर आकडा घालत, खिळे न वाकवता, शिव्या देत. बाहेर लोक सापळे घेऊन कडं करून उभे. दुपार कलली तशी बाविसावी फळी निघाली आणि खालच्या कोरड्या मातीत गुलाबी, डोळे न उघडलेली सात पिल्लं वळवळताना दिसली. आई नव्हती. बाईंनी पिल्लं रुमालात घेतली आणि बाहेर गेल्या. त्यांनी पुढे काय केलं ते कुणी विचारलं नाही.

आई उतारावर गेली होती. सहा दिवस माणसं उतारावर होती. मांजरीला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी परतही पाठवलं नाही. सगळ्यात वरची, खडकांची रांग कुणाला नको होती, ती तिच्या वाट्याला आली. नऊ बिळांपुढे अंड्यांची फुटकी टरफलं मिळाली. एका बिळात रडव्याची मादी मानेवर चावा बसून मेलेली होती, पंख अजून अंड्यावर पसरलेले. मांजरीनं तिला बाहेर काढलं आणि बिळापाशी सापळा लावला.

सहाव्या दिवशी सकाळी त्याच सापळ्यात उंदीर मिळाला. मोठा, तपकिरी, पोट दुधानं अजून लोंबतं. खालच्या रांगेत दीर होता. तिनं हाक मारली नाही, पण ती उभी राहिलेली बघून तो वर आला. त्यानं सापळ्यात डोकावून बघितलं.

"हीच का?" तो म्हणाला.

"हीच असावी. आणखी चाळीस दिवस वड्या बघाव्या लागतील."

"मी हे विसरणार नाही."

"विसरू नका, भाऊजी."

"भाऊजी म्हणू नकोस."

त्यानं वाकून सापळा उचलला आणि सगळ्यांना दिसावा म्हणून हात उंच धरून उतार उतरू लागला. खाली माणसं ओरडली, कुणी शिट्टी मारली. ती वरच थांबली, कारण तिच्या रांगेतले अजून तेरा सापळे बघायचे राहिले होते.

चाळीस दिवस वड्यांवर दात उमटले नाहीत. खात्याचा माणूस आला, बिळं मोजली, वल्हेघराच्या आकडे घातलेल्या फळ्या बघितल्या, बाईंनी पुढे केलेली वही वाचली. त्या खोक्यापुढच्या ‘तपासले’ या शब्दावर त्यानं बोट ठेवलं. एरवी पाच वर्षांनी वाढणारा करार त्यानं एकाच वर्षानं वाढवला. बंदराच्या कंपनीची मोजणी करणारी लाँच त्याच आठवड्यात बेटाला एक फेरी मारून गेली.

झडतीच्या खोलीला नवीन माणूस मिळेना. जो येईल त्याला शिव्या खाव्या लागणार हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. शेवटी ठरलं की प्रत्येक घरानं एकेक आठवडा घ्यायचा, नियम जुनाच ठेवायचा आणि सगळं उघडायचं. मांजरीच्या घरचा आठवडा नवऱ्यानं करायचा, तिनं खोलीत पाय ठेवायचा नाही. नवरा तेव्हापासून शेडमध्येच झोपतो.

तिच्याकडे उतारावरची वरची रांग राहिली. ती कुणी दिली नाही, कुणी काढूनही घेतली नाही. दर आठवड्याला ती अठ्ठावीस पेट्या बघते आणि आकडे एका कागदावर लिहून शाळेच्या दाराखालून आत सरकवते. परवा उतारावर तिला दिराची लेक भेटली. मावशीकडून परत आली होती आणि खालची रांग तिनं घेतली होती. पोरीनं काकूकडे बघितलं नाही. फक्त विचारलं, "सतराव्या पेटीचं झाकण नीट बसत नाही. तुमच्याकडे जादा बिजागरी आहे का?"

तिच्याकडे होती. तिनं ती खिशातून काढून दगडावर ठेवली आणि चार पावलं मागे सरकली.